टायरच्या आतल्या बाजूचे चार आकडे

आमच्या घरात गाडी नाही, कधीच नव्हती. तरी एका गाडीबद्दल आमच्याकडे रोज बोलणं व्हायचं, घरातल्या आजारी माणसाबद्दल व्हावं तसं. आज तिचा आवाज वेगळा येतोय. आज ती नुसती उभीच होती. आज तिला कोणी तरी घासून गेलं, पण नशीब, फक्त धूळ पुसली गेली.

माझे बाबा मुलुंडला एका साहेबांकडे ड्रायव्हर आहेत. साहेबांच्या दोन गाड्या. एक रोजची, ऑफिसला जायची. दुसरी ही: करड्या रंगाची, दोनच दारांची, परदेशातून आलेली, इतकी बुटकी की बाबांना तिच्यात बसताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. ती महिन्यातून एकदा बाहेर निघायची. शनिवारी सकाळी साहेब ती एक्स्प्रेसवेला घेऊन जात. जाताना साहेब स्वतः चालवत आणि बाबा शेजारी बसत. येताना साहेबांचे फोन सुरू झालेले असत, मग बाबा चालवत.

"जाताना वेगाच्या काट्याकडे बघायचा नाय," बाबा आईला सांगायचे. "देवीचा नाव घेवचा. पनवेल येता नि जाता, घाट कधी लागलो ता कळना नाय."

आई हसायची नाही. त्या शनिवारी बाबा घरी येईपर्यंत ती दाराकडे तोंड करून काम करायची, एवढं मला लहानपणापासून दिसत आलंय. पुढचं सगळं सांगताना बाबांची ती शेजारची सीट लक्षात ठेवावी लागेल, म्हणून हे आधी सांगितलं.

गाडी इमारतीच्या तळघरात उभी असायची. बाबा रोज सकाळी तिचे टायर पुसत. त्यासाठी त्यांच्याकडे एक बाटली होती. काळं पॉलिश आणि त्यात थोडं डिझेल. ही कृती त्यांना एका जुन्या ड्रायव्हरने शिकवली होती आणि ते ती आणखी चारपाच जणांना शिकवून बसले होते. फडक्याने गोल गोल चोळलं की टायर शोरूममध्ये असल्यासारखे दिसत. विक्रोळीला आमच्या खोलीत आले तरी त्यांच्या नखांत तो काळा रंग असायचा.

गेल्या पावसाळ्यात गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा तिथल्या माणसाने साहेबांना सांगितलं की चारही टायरच्या कडेला बारीक तडे गेलेत, खाचा भरपूर शिल्लक आहेत पण हे टायर आता चालवू नका. साहेबांनी बाबांना विचारलं, "गाडी उन्हात ठेवतोस का?"

बाबा म्हणाले, "नाही साहेब, कधीच नाही."

मग साहेब म्हणाले, "तुझी मुलगी मेकॅनिकलला आहे ना? तिला जरा बघायला सांग, कुठले घ्यावेत ते."

हे वाक्य बाबांनी घरी येऊन दोनदा सांगितलं. एकदा मला आणि एकदा आईला, मी ऐकत असताना.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉलेजमध्ये मी मागच्या बाकावर बसते, शंका असली तर वर्ग सुटल्यावर विचारते. टायरबद्दल मला काहीही माहीत नव्हतं, पण तसं बाबांना सांगणं जमलं नाही. तीन दिवस मी फोनवर वाचत राहिले. टायरच्या कडेला जे आकडे आणि अक्षरं असतात ती सगळी एक भाषा आहे हे मला तेव्हा कळलं. रुंदी किती, वजन किती पेलेल, शेवटचं अक्षर म्हणजे कमाल किती वेग सोसेल. या गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, ते अदलाबदल करता येत नाहीत. आणि एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे टायर वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला ते, पुढचे दोन म्हणजे साल. वेगाच्या गाडीच्या टायरचं रबर मऊ असतं, म्हणून ते रस्ता धरतं. वापरलं नाही तरी ते वर्षांनी कडक होत जातं. ओल्या रस्त्यावर तर मग त्याची पकडच उरत नाही.

त्याच वाचनात मला दुसरीही गोष्ट सापडली. डिझेलने रबर खराब होतं.

मला इतका आनंद झाला की मी जेवताना लगेच सांगून टाकलं. "बाबा, तडे कशाने गेले ते कळलं मला. तुमच्या पॉलिशमध्ये डिझेल असतं ना, त्याने. सगळीकडे लिहिलंय."

बाबांचा घास हातातच राहिला.

"सगळीकडे लिवलेला आसा," ते हळू म्हणाले, "आणि माका कोणी सांगला नाय."

"जेव गो आधी," आई मला म्हणाली.

शिकायला लागल्यापासून मी घरात उपयोगाचं असं पहिल्यांदाच काही सांगितलं होतं, आणि त्यात गुन्हेगार माझे बाबाच निघाले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. रागाने नाही. ते माझ्याकडे बघायचे आणि दुसरीकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी चप्पल घालताना म्हणाले, "साहेबांका ह्या सांगू नको." मी मान हलवली. त्यानंतर त्यांच्या मनात एकच होतं: साहेब पुन्हा विचारायच्या आत ते तडे गेलेले टायर गाडीवरून उतरले पाहिजेत.

कंपनीकडून टायर मागवायला महिना लागणार होता. साहेबांना त्याआधी जायचं होतं, परदेशातून येऊन घाटापलीकडे उतरलेल्या मित्राला गाडी नेऊन दाखवायची होती. बाबा म्हणाले, "साहेब, माझा गाववाला आहे भांडुपला, टायरचं दुकान आहे. त्याच्याकडे असतील." साहेब म्हणाले, "मग तूच बघ."

दुकानवाले हे काका म्हणजे आमच्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचे खजिनदार. मंडळाच्या सभा त्यांच्याच दुकानात होतात, रविवारी संध्याकाळी. सगळे टायरच्या चळतींवर बसतात, गणपतीला कोण कधी निघणार, देवळाच्या पत्र्याचं काय, असं सगळं तिथे ठरतं. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मंडळाने गुणगौरव केला होता. शाल आणि नारळ काकांच्या हातून घेतला होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून माइकवर सांगितलं होतं, "ही आपल्या वाडीची पहिली इंजिनिअर." ती शाल आमच्या कपाटात अजून प्लास्टिकमध्ये आहे.

दुकानात गेलो तेव्हा काका उठून उभे राहिले. "ये गो इंजिनिअर बाय! आज परीक्षा घेवक इलंस काय माझी?"

"बघ हां," बाबा म्हणाले, "साहेबाची गाडी आसा."

"अरे, तुझो साहेब तो माझो साहेब." त्यांनी चहा सांगितला आणि मला म्हणाले, "बस त्या दोन टायरांवर. ट्रकचे आहेत, तुझं वजन त्यांना कळणारपण नाही."

चार टायर त्यांनी आतून काढून ठेवले होते. काळेभोर, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, खाचांत रबराचे ते केसासारखे बारीक कोंब अजून उभे. मी माप तपासलं. बरोबर होतं. वेगाचं अक्षर तपासलं. तेही बरोबर. बाबा माझ्याकडे बघत होते आणि काका बाबांकडे. मग मी चार आकडे शोधायला लागले. ते एकाच बाजूला असतात, आणि चारही टायर असे ठेवले होते की ती बाजू भिंतीकडे. शेवटच्या टायरच्या आणि भिंतीच्या मध्ये हात जाईल इतकी जागा होती. मी फोनचा प्रकाश तिथे धरला.

शेवटचे दोन आकडे मी सातवीत होते त्या वर्षाचे होते.

पुन्हा बघितलं. सातवीतच. म्हणजे मी शाळा संपवली, अकरावी-बारावी केली, कॉलेजला आले, तेवढा सगळा काळ हा टायर कुठल्या तरी गोदामात उकाड्यात पडून होता.

"काय, पास काय आम्ही?" काकांनी विचारलं.

माझ्या हातात चहा होता. मी फक्त एवढंच बोलायला हवं होतं की काका, हे जुने आहेत. चार शब्द. पण डोळ्यांपुढे त्या रात्रीचा बाबांच्या हातातला घास आला. आणि शाल. मला वाटलं, मी कोण? दोन सेमिस्टर झालेली मुलगी. हे तीस वर्षं टायर विकतायत.

"माप बरोबर आहे," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. तेच मी स्वतःला नंतर चार दिवस सांगत राहिले.

टायर बसले की ती बाजू आत गेली. आता ते आकडे वाचायचे तर कोणाला तरी गाडीखाली झोपावं लागलं असतं. बाबांनी दुकानासमोरच चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नव्या वस्तूला ठेवतात तशी, आणि गाडी हळूच पुढे घेतली. तीन लिंबं फुटली. मागच्या डाव्या चाकाखालचं लिंबू न फुटता बाजूला उडालं आणि गटाराच्या जाळीपाशी जाऊन थांबलं. काका हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी ते उचलून आणलं, पुन्हा त्याच चाकाखाली ठेवलं आणि गाडी त्यावरून दोनदा नेली.

शनिवारला सहा दिवस होते. पाऊस थांबत नव्हता. रोज संध्याकाळी बाबा घरी आले की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मला वाटायचं ते माझा चेहरा टाळतायत. ते कमी बोलत होते. टायरांबद्दल तर एक शब्द नाही, आणि आमच्या घरात त्या गाडीबद्दल शब्द नाही असा दिवस कधी गेला नव्हता. बुधवारी आईने विचारलं, "झाले काय नवे टायर? बरे आसत?" बाबा म्हणाले, "होय." मीही म्हणाले, "हो." दोघं एकदमच म्हणालो. आईने आम्हा दोघांकडे बघितलं.

गुरुवारी मला राहवलं नाही. बाबा सकाळी निघाले तशी मीही त्यांच्याबरोबर मुलुंडला गेले. कॉलेजला उशिरा गेलं तरी चालेल, असं मी त्यांना म्हणाले. तळघरात नेहमीसारखं पाणी झिरपत होतं. बाबांनी सवयीने बाटली ठेवायची तो कप्पा उघडला, रिकामा बघितला आणि बंद केला. मी मागच्या टायरच्या खाचेत नख रोवून बघितलं. नख वाकलं. जुन्या टायरशी, जो तडे गेले म्हणून आम्ही उतरवला होता, मी हेच केलं असतं तर काय झालं असतं, ते मला आता कधीच कळणार नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "हे नवे नाहीत. मी सातवीत होते तेव्हाचे आहेत. मी दुकानात वाचलं होतं."

मला वाटलं ते ओरडतील. ते चाकापाशी उकिडवे बसले.

"माका ठावक होता," ते म्हणाले.

मला कळेना.

"आकडे नाय वाचूक येत माका. पण ब्रेक मारल्यार पायाक कळता. मंगळवारी वरसून खाली आणत होतंय, त्या उतारार पाणी होता. मागचो भाग सरकलो. त्या खांबाकडे." त्यांनी बोट दाखवलं. खांब आणि गाडी यांत एका हाताचं अंतर असेल. "रांगत होती गाडी, बाय. रांगत होती तरी सरकली."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? दुकान कोणी दाखवला? आधीचे टायर कोणी घालवले?" मग चाकावर हात ठेवून, "आणि तू हो म्हणलंस ना. माका वाटला, हिका वाचूक येता. माझ्याच पायाक चुकीचा कळता आसतला."

म्हणजे ते माझ्यावर विसंबून गप्प होते आणि मी त्यांना सांभाळून गप्प होते, आणि शनिवारी त्या शेजारच्या सीटवर बसून ते डोळे मिटून देवीचं नाव घेणार होते, पावसात, घाटात.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. साहेब ऑफिसला निघाले होते. मला बघून थांबले. "अरे, इंजिनिअर! काय म्हणतायत टायर? परवा जायचंय आम्हाला."

बाबा उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर कदाचित माझं पुन्हा माप बरोबर आलं असतं.

"साहेब, ते जुने आहेत," मी म्हणाले. माझा आवाज तळघरात फार मोठा वाटला. "दिसायला नवे आहेत. रबर कडक झालंय. ओल्या रस्त्यावर धरणार नाहीत. मी त्या दिवशीच वाचलं होतं, पण बोलले नाही."

साहेबांनी बाबांना विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो साहेब," बाबा म्हणाले. आणि मग, कोणी विचारलं नसताना, "आधीच्या टायरना पण मीच डिझेल लावायचो. त्याने तडे गेले."

साहेब ओरडले नाहीत. ते गाडीच्या काचेतून आत, शेजारच्या सीटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही गाडी हलवू नका आता," आणि हात पुढे केला. बाबांना आधी कळलं नाही. मग त्यांनी खिशातून चावी काढून त्या हातावर ठेवली. ती चावी सात-आठ वर्षं बाबांच्या खिशात होती. आता ती वर असते आणि गाडी पुसायची असेल तर बाबांना बेल वाजवून मागावी लागते. नोकरी राहिली. ती शनिवारची सीटही गेली, आणि ती गेली ते बरं, असं आई म्हणते.

काकांनी टायर परत घेतले, एका शब्दाने वाद न घालता. उतरवलेले टायर घेऊन आलेला टेम्पो बाहेर उभा असताना त्यांनी फक्त बाबांना विचारलं, "वाचला कोणी?" बाबा म्हणाले, "माझ्या पायान."

खरं तर हे इथेच संपायला हवं होतं.

गणपतीच्या आधीच्या रविवारी मंडळाची सभा होती. जायचं की नाही यावर बाबा दिवसभर शर्ट घालत-काढत होते. शेवटी आम्ही गेलो. न जाणं म्हणजे सगळ्यांना सांगण्यासारखंच झालं असतं. काका नेहमीसारखेच बोलले, चहा आला, माणसं टायरांवर बसली, एसटीच्या गाड्यांचा विषय निघाला. मला बसायला जागा मिळाली ती आतल्या भिंतीजवळ. शेजारी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोन रुंद टायर उभे होते. प्लास्टिक नवं होतं, टायर नुकतेच पॉलिश केलेले, बोटाला काळं लागेल असे. त्यातल्या एकाच्या खाचेत, खोल आत, काहीतरी फिकट चिकटलं होतं. मी वाकून बघितलं. लिंबाची वाळलेली बी होती.

मी बाबांकडे बघितलं. ते तिकडेच बघत होते.

सभा चालू असतानाच एक माणूस आत आला. पस्तिशीचा असेल. बाहेर त्याची गाडी उभी होती, आमच्या साहेबांच्या गाडीसारखीच बुटकी, सेकंडहँड घेतलेली, तो मोठ्या हौसेने सांगत होता. पुढच्या सीटवर बायको होती, तिच्या मांडीवर एक लहान मुलगी काचेवर बोटं फिरवत होती. "काका, ते मागचे दोन तुम्ही बोलला होतात ना फोनवर? आजच बसवू. उद्या गावाला निघायचंय."

"हे काय, ठेवलेत तुमच्यासाठी." काकांनी माझ्या शेजारच्या टायरवर थाप मारली.

"नवीन आहेत ना पण?"

"अहो, ही बघा, आमची इंजिनिअर बाय," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी माइकवरच्यासारखा होता. "हिच्या बाबांच्या साहेबांनी पण हेच लावले होते. हिलाच विचारा."

एसटीचा विषय थांबला. दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली, मला शाल मिळाली तेव्हा टाळ्या वाजवणारी तीच माणसं. काका हसत होते, पण माझ्याकडे बघताना त्यांचे डोळे हलत नव्हते.

"ताई, चांगले आहेत ना?" त्या माणसाने विचारलं.

माझ्या आधी बाबा उठले. टायरचं प्लास्टिक एका हाताने फाडलं, टायर उभ्याउभ्याच अर्धा वळसा फिरवला आणि भिंतीकडची बाजू त्या माणसाच्या समोर आणली. मग मागे होऊन उभे राहिले. त्यांना ते आकडे वाचता येत नव्हते आणि त्या माणसालाही येत नव्हते. "हे काय आहे?" तो विचारत होता.

मी वाकले. चौकटीतल्या पहिल्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. "हा आठवडा," म्हणाले. बोट पुढे सरकवलं. "आणि हे साल."

त्याने मनात हिशेब केला. मग वळून बाहेर गाडीकडे बघितलं, काचेवर फिरणाऱ्या त्या बोटांकडे. तो तसाच निघून गेला.

मग काका खाली बसले आणि फाटलेलं प्लास्टिक गोळा करत म्हणाले, "हां, तर एसटीचा काय ठरला?" कोणी तरी उत्तर दिलं. आमच्याकडे पुन्हा कोणी बघितलं नाही. आम्ही निघालो तेव्हा चहाचे आमचे दोन पेले भरलेलेच होते.

भांडुपहून विक्रोळीपर्यंत आम्ही चालत आलो. बाबा रस्त्याच्या बाजूने आणि मी आतून. मला भीती वाटत होती, कशाची ते नीट सांगता येणार नाही. गावी जायचं आहे, तिथे घर आहे, देऊळ आहे, तीच माणसं आहेत. शेजारून गाड्या जात होत्या, ओल्या रस्त्यावर तो चर्र आवाज करत. बाबा प्रत्येक गाडीच्या चाकाकडे बघत होते.

"ह्यांच्यावर पण लिवलेला आसतला ना?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांवर असतं," मी म्हणाले.

ते थांबून बघायला लागले. मीही बघितलं. पण चाकं इतक्या वेगाने फिरत होती की कोणाचंच काही वाचता येत नव्हतं.